कौलआबांचं गाऱ्हाणं

“खबरदार! लाल शर्टवाल्याच्या छातीवरसून चाक गेला, तर तुजो जेसीबी हंयच पुरान टाकीन!”

कौलआबा जेसीबीसमोर उभे राहून ओरडत होते. आबांचा आवाज मोठा. किती मोठा, तर त्या आरोळीने सुरूच्या झाडांवरचे कावळे वेंगुर्ल्याला गेले ते अजून परत आलेले नाहीत, आणि तिकडे नांदगाव स्टेशनावर गाडी आली समजून लोक पिशव्या उचलून उभे राहिले. जेसीबीवाल्याने गुपचूप इंजिन बंद केलं. आसपास लाल शर्ट घातलेला एकही माणूस नव्हता. लाल शर्टवाला चार वर्षांपासून जमिनीखाली होता.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावर. सुरूच्या बनामागे एक तुकडा आहे. समुद्रातून वाहून आलेलं प्रेत, परराज्यातून ट्रॉलरवर येऊन इथेच तापाने गेलेला खलाशी, चिरेखाणीवरचा मजूर, एसटी स्टँडवर राहणारी म्हातारी, ज्यांच्यासाठी लाकडं आणायला कोणी नाही त्यांना तिथे पुरतात. कागदोपत्री ती सार्वजनिक दफनभूमी. प्रत्यक्षात घाणेरीचं रान, चरणारी गुरं आणि पर्यटकांनी टाकलेली शहाळी.

आबांनी जन्मभर घरं शाकारली. पावसाआधी त्यांनी कौलं परतली नाहीत असं गावात घर नव्हतं. पुढे गावाने पत्रे घातले, स्लॅब टाकले. आबांना काम उरलं नाही आणि कौलांना छप्पर उरलं नाही. पोलिसांनी पहिल्यांदा खड्डा खणायला बोलावलं, तेव्हा माती लोटून झाल्यावर आबा घरी गेले, एक कौल घेऊन आले आणि उशाशी उभं रोवलं. “घर नाय तर नाय, एक कौल तरी होया माणसाक,” म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येकाच्या उशाला कौल, आणि त्यावर चुन्याने ओळख. नाव कोणाचंच माहीत नसायचं. म्हणून ‘लाल शर्ट’, ‘निळी लुंगी’, ‘हातावर मोर’. हातावर मोर म्हणजे ती स्टँडवरची म्हातारी. तिच्या मनगटावर गोंदलेला होता. आबा रोज सकाळी कोयता घेऊन जात, गवत काढत आणि परत येताना वाटेत भेटेल त्याला खुशाली सांगत. “निळी लुंगी आज बरी दिसता.” नवा माणूस विचारायचा, कोण हो आजारी?

पण पुरून झाल्यावर गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते हलत नसत. एकाने देवासमोर मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. इथे जमलेले म्हणजे एक हवालदार, तोही घाटावरचा. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, तर आबा गाऱ्हाणं थांबवून खेकसले, “मोठ्यान म्हण रे! तो मेललो आसा, बहिरो नाय!” तीन प्रेतं होईपर्यंत हवालदार तयार झाला. साहेबांनी चहा सांगितला तरी ‘व्हय म्हाराजा’. बदलीचा कागद हातात दिला तेव्हाही तेच म्हणाला.

मग गावात पर्यटक वाढले आणि गाड्या लावायला जागा हवी झाली. ग्रामपंचायतीने ह्याच तुकड्याचा ठराव केला. त्यावर सदस्य म्हणून माझीही सही होती. वाचून केली नव्हती, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. त्या ठरावाचा तो जेसीबी.

सरपंच पुढे झाले. “आबा, हा विकास आहे. रीतसर ठराव झालेला आहे.”

“ठराव केलंस तेवा हेंका इचारलंस?”

“तेंका कसा इचारतलंय?” सरपंचांची कचेरीतली मराठी तिथेच संपली.

आबांनी पिशवीतून नारळ काढला, लाल शर्टच्या कौलापुढे ठेवला आणि हात जोडले. आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने चपला काढल्या. सरपंचांनी, ग्रामसेवकाने, मी. इन्सुलीचा जेसीबीवाला खाली उतरला.

“बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ज्येंका कोण नाय, ती ही लेकरां तुज्या राखणीत निजलेली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्यो सगळो गाव, सरपंचासकट, तुज्यासमोर कबूल करता, ह्या जागेक कोणी हात लावचो नाय!”

“व्हय म्हाराजा!”

सरपंचांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडून चुकला होता. माझा आवाज तर सगळ्यांत मोठा होता. जन्माची सवय, गळा थांबत नाही. जेसीबीवाला म्हणाला, “माका बायको-पोरां आसत,” आणि यंत्र घेऊन जो निघाला तो इन्सुलीपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. पार्किंग दुसरीकडे झालं.

गेल्या पावसाच्या तोंडावर आबा गेले. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. म्हणाले, “माज्यासाठी लाकडां हाडूक माणसां आसत. तेंच्या गवताचा तेवढा बघ.” मी बघतो म्हणालो. स्मशानात अख्खा गाव होता, लाकडं उरली.

पाऊस संपल्यावर मी त्या तुकड्याकडे गेलो. घाणेरी खांद्याइतकी वाढलेली. काट्यात हात घालून एक कौल सापडलं. चुना धुऊन गेला होता, नुसतं ‘ला’ उरलं होतं. निळी लुंगी कुठे, मोर कुठे, काही कळेना. पँट फाटली तेव्हा मी माघारी फिरलो आणि तडक पंचायतीत जाऊन सरपंचांना म्हटलं, दोन माणसं पाठवा, एवढं रान काढून घ्या, एक दिवसाचं काम आहे.

सरपंचांनी चहाचा घोट घेतला आणि कप बशीत ठेवला.

“हात लावचो नाय, असा देवासमोर कबूल केलेला आसा. तू तर सगळ्यांत मोठ्यान आराडललंस.”