टीव्ही चांगला, मोत्या बिघडलेला

"चित्र कसं आहे?" मी विचारलं.

"झ्याक हाय," सरपंच म्हणाले.

"आवाज?"

"खणखणीत."

"मग बिघडलंय काय?"

सरपंचांनी चावडीसमोर जमलेल्या मंडळींकडं बघितलं. मंडळींनी माझ्याकडं बघितलं.

"सायेब, टीव्ही पयल्यासारखा हसवंना झालाय."

मी टीव्ही मेकॅनिक. ऐंशीच्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या काही गावांना सरकारकडून कम्युनिटी सेट मिळाले होते. म्हणजे अख्ख्या गावाला मिळून एक टीव्ही, चावडीत, लाकडी पेटीत, कुलूप लावून. तो बंद पडला की ऑफिसातून मला पाठवायचे. हे गाव झरीच्या पुढं. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथं हुरड्याला जातो.

तक्रार एका कार्टूनबद्दल होती. दर रविवारी सकाळी लागायचं. परदेशी होतं, बोलणं सगळं इंग्रजीत. एक जाडा पोलीस आणि त्याचं उपद्व्यापी कुत्रं. कित्येक वर्षं चाललं होतं. गावानं दोघांचं बारसंही करून टाकलं होतं. पोलीस म्हणजे जमादार, कुत्रं म्हणजे मोत्या.

"सुरवातीला मोत्या नुसता चिखलात पडला तरी आमी लोळायचो," एक म्हातारे सांगू लागले. "मंग नुसतं पडनं गोड लागंना. तवा मोत्या बाजाराचं बोलाया लागला, सोयरिकीचं बोलाया लागला. आता ह्या पावसाळ्यापासून कायबी बोलंना. लय अळणी झालाय."

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "त्याचं लगीन ठरल्यालं व्हतं, त्येबी तसंच ऱ्हायलं."

इंग्रजी कुत्रं बाजाराचं काय बोलणार, हे मला कळलं नाही. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी अँटेना तपासली. व्होल्टेज मोजलं. पेटी उघडून धूळ पुसली. दोष काहीच नव्हता. तरी दोन वायरी काढून परत लावल्या. नाहीतर लोकांना वाटतं, मेकॅनिक नुसता चहा पिऊन गेला.

पुढच्या आठवड्यात तीच तक्रार पुन्हा आली. आमच्या इंजिनिअर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सेट ओके आहे?"

"एकदम ओके."

"मग?"

"हसू येत नाही म्हणतात."

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघ, गाव समाधानी नसेल तर सेट परत मागवून दुसऱ्या गावाला द्यायचा, असं वरून सांगितलंय. रविवारी जा आणि काय ते बघ."

"रविवारी सुट्टी असते, साहेब."

"त्या कुत्र्यालाही असती तर बरं झालं असतं. जा."

गेलो. चावडी गच्च भरली होती. टीव्हीच्या बाजूला काठी घेऊन एक माणूस उभा होता. कोंडिबा धनगर. गावच्या भारुडात सोंग घेणारा. कार्टून सुरू झालं आणि मला उलगडा झाला. पडद्यावर जमादार तोंड हलवायचा आणि कोंडिबा त्याचं बोलणं गावाला सांगायचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. त्यामुळं अडचण कधी आलीच नव्हती.

"जमादार इचारायलाय," कोंडिबा म्हणाला, "मोत्या, जत्रतली भजी कुनी खाल्ली? मोत्या म्हनतंय, मालक, म्या तर..."

"तसं नाही ते, कोंडिबा." पुढच्या खुर्चीवरून आवाज आला. गावच्या शाळेत या पावसाळ्यात इंग्रजीचे नवे सर आले होते. भला माणूस. "तो म्हणतोय, आज हवा छान आहे."

कोंडिबा थांबला. "आज हवा छान हाय," त्यानं गावाला सांगितलं.

कुणी हसलं नाही.

असंच शेवटपर्यंत चाललं. सरांचं भाषांतर अचूक असावं. जमादार टोपी शोधत होता, ती टोपी त्याच्या डोक्यावर होती, आणि कोंडिबा मान खाली घालून हे सांगत होता. पहिल्या वर्षी एवढ्यावर गाव हसलं असतं. आता गाव पुढं गेलं होतं.

कार्टून संपल्यावर मी कोंडिबाला चावडीमागं गाठलं.

"सरांना गप्प बसा म्हणायचं."

"कोन म्हनंल? पोरं शिकीवत्यात ते आमची. आन खरंच सांगायलेत की." त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "सायेब, टीव्ही नेनार म्हनं तुमी?"

"वरून तसं सांगितलंय."

"आठवडाभर मेंढरं माजं ऐकत्यात, पर हसत न्हाईत. ऐतवारी मानसं हसायची. तेवडंच व्हतं बगा."

हे ऐकून मला गलबलून आलं. आणि गावाची तक्रारही कळली. सरांना बोलायची कुणाची छाती नव्हती. कोंडिबाला दुखवायचं कुणाच्या मनात नव्हतं. राहिला टीव्ही. त्याला काहीही बोललं तरी तो मनाला लावून घेत नाही.

पुढच्या रविवारी मी कार्टूनच्या आधीच पोचलो. सेटचं मागचं झाकण काढलं. आवाज स्पीकरमधून येतो, आणि स्पीकरला दोन वायरी असतात. त्यातली एक तोडून मध्ये छोटं बटण बसवलं. बटण बंद केलं की चित्र राहतं, आवाज जातो. झाकण लावलं आणि बटण कुठं आहे ते फक्त कोंडिबाला दाखवलं.

कार्टून लागलं. जमादार तोंड हलवू लागला. चावडीत शांतता.

"अहो मेकॅनिक, आवाज नाही!" सर म्हणाले.

"लाइनमध्ये दोष आहे," मी म्हणालो. "शेतीच्या कार्यक्रमाला येईल."

सर पुढं सरकून जमादाराच्या ओठांकडं बघत बसले. पण चित्रातल्या ओठांवरून इंग्रजी काय, काहीच कळत नाही. कोंडिबानं एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. घसा खाकरला.

"जमादार इचारायलाय, मोत्या, जत्रतली भजी कुनी खाल्ली? मोत्या म्हनतंय, मालक, म्या तर एकादस धरलीय. जमादार म्हनतोय, मंग मिशीला बेसन कुनाचं? मोत्या म्हनतंय, त्ये सरपंचाचं हाय. मी नुसतं राखन करायलोय."

चावडी फुटली. सरपंच सगळ्यांत मोठ्यानं हसले, हसणं भागच होतं. कोंडिबा सुटला. मोत्याचं लग्न त्यानं त्याच दिवशी लावलं आणि मानपानावरून मोडलंही. बायका डोळे पुसत होत्या. मला फार बरं वाटलं. जाताना सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू? मूळ कार्यक्रमात एवढं काही नव्हतं."

सेट गावातच राहिला. मात्र महिनाभरात चारठाण्याकडच्या एका गावाची तक्रार आली. तिथले लोक झरीकडं सोयरिकीला आले असताना रविवारी चावडीत बसून गेले होते. आमच्या टीव्हीतला मोत्या नुसता भुंकतो, तेव्हा झरीकडचा सेट आम्हाला बदलून मिळावा, असं म्हणणं होतं.

"दोन्ही सेट एकाच कंपनीचे ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग फरक कशाचा?"

मी सांगितलं. साहेबांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. मग त्यांनी विचारलं, "रविवारी परभणीहून झरीकडं पहिली एसटी किती वाजता सुटते?"

टीव्हीच्या कामात मी एवढंच शिकलो. तक्रार सेटची आली तरी झाकण उघडण्याआधी बघून घ्यावं, शेजारी कोण उभं आहे.