मा. व्हिसाबाई

माझी वहिनी एकोणीस वर्षं लोकांना परदेशी पाठवत आली आणि स्वतः कधी विमानाची पायरी चढली नाही. म्हणजे, गेल्या मंगळवारपर्यंत. त्या मंगळवारचं सांगायचंय. बोलता बोलता आवाज चढला तर सांभाळून घ्या.

विधिमंडळाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक चिंचोळी खोली आहे. दारावर 'विदेश दौरे' अशी पाटी. आत दोन टेबलं, चार कपाटं आणि वहिनी. सभागृहाच्या सदस्यांना आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना परिषदेला किंवा पाहणीला बाहेरदेशी जायचं असलं की परवानगीपासून तिकडच्या गाडीपर्यंत सगळं ही बघते. कुणाचा गुडघा वाकत नाही, कुणाला अळणी जेवण लागतं, कोण कुणाच्या शेजारी मेलं तरी बसणार नाही, सगळं तिला तोंडपाठ. सदस्य तिला व्हिसाबाई म्हणतात. मी खालच्या मजल्यावर टायपिस्ट. म्हणजे घरी वहिनी, कचेरीतही वहिनी. माझी सुटका नाही.

दौरा ठरला की पहिलं भांडण खिडकीच्या जागेवरून. चांगली साठीची माणसं हो! पण लहान पोरांसारखी हटून बसतात. वहिनी सगळ्यांची समजूत घालते, ज्याला त्याला खिडकी मिळवून देते. आणि माणूस परत आला की हळूच विचारते, "खिडकीतून काय दिसलं हो?"

उत्तर ठरलेलं. "छे हो, झोपलो होतो."

एवढी भांडून घेतलेली खिडकी आणि त्यात हे घोरत पडणार! मला ऐकूनच संताप येतो. वहिनी आपली "असं होय" म्हणते आणि फाईल बंद करते.

तर यंदा नव्या सचिवबाई आल्या. सात सदस्यांचा दौरा होता, सोबत एक कर्मचारी जायचा. बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "दरवेळी सगळं जुळवतं कोण? मग त्यांनाच पाठवा." वहिनीला निवृत्त व्हायला चार महिने उरलेले. म्हणजे हा पहिला आणि हाच शेवटचा दौरा.

घरात नुसता धुमाकूळ. माझा दादा घड्याळं दुरुस्त करतो, एरवी दिवसाला दहा शब्द बोलेल तर शपथ. त्याने बॅग आणली, तिला ओळखू यावी म्हणून पिवळी नाडी बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नाडी दाखवत सुटला.

आता माझा पराक्रम ऐका.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला वहिनीला एक दिवस जावं लागलं. जाताना मला म्हणाली, "तिकिटांची यादी तेवढी टाईप करून पाठव." मी बसले ऐटीत तिच्या खुर्चीत. आमच्या इमारतीत 'मा.' लावल्याशिवाय कुणाचं नाव लिहायची सोय नाही. माननीयचं 'मा.'. अहो, हरवलेल्या छत्रीची नोटीस लागली तरी 'मा. सदस्यांची छत्री'! माझ्या बोटांना तीच सवय. सातही नावांआधी मी मा. ठोकलं. आठवं नाव वहिनीचं. कर्मचाऱ्याला मा. लावत नाहीत. पण म्हटलं, एकोणीस वर्षांत हिला कुणी माननीय म्हटलं नाही, मी म्हणते! आणि मोठ्या कौतुकाने तिलाही मा. लावलं.

परवानगी अडकली होती, म्हणून तिकिटं हातात आली ती थेट निघायच्या दिवशी, सकाळी दहाला. विमान संध्याकाळी. वहिनीची पद्धत अशी की पासपोर्ट डावीकडे, तिकीट उजवीकडे, खाली पट्टी धरायची आणि एकेक अक्षर बोटाने मोजत जायचं. पहिल्याच तिकिटावर बोट थांबलं. दुसऱ्यावर थांबलं. मग तिने आठही तिकिटं टेबलावर मांडली आणि मला वर बोलावलं.

"वन्सं," ती म्हणाली.

एरवी ती मला 'अगं'च म्हणते. वन्सं म्हटलं की समजायचं, आपली काही धडगत नाही.

"वन्सं, मा. हे पासपोर्टात नसतं."

तिकिटाच्या यंत्राने ते मा. रोमन अक्षरांत करून सरळ पहिल्या नावाला चिकटवून टाकलं होतं. पासपोर्टावर एक नाव, तिकिटावर भलतंच. विमानतळावर एकालाही आत सोडणार नव्हते.

वहिनीने कपाळालासुद्धा हात लावला नाही. चूक कळवून आठही पासपोर्टांच्या प्रती एका दमात विमान कंपनीला पाठवल्या आणि मगच फोन उचलला; तो लागायलाच वीस मिनिटं गेली. तिकडे गटाच्या तिकिटांना हात लावू शकणारा एकच माणूस. वहिनी त्यांना भाऊ म्हणते, ते हिला ताई. एकोणीस वर्षं रोजचं बोलणं, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

"एकला दुरुस्ती बंद होते, ताई," भाऊ म्हणाले. "एकेका नावाला वीस मिनिटं धरा. सुरू करा."

साडेदहा वाजले होते. मी कागदावर आकडेमोड केली आणि किंचाळलेच. सात नावं होतील, आठवं बसत नाही!

"वहिनी, आधी तुझं करून घे!"

तिने फोनवर हात ठेवला. "यादीत मी आठवी आहे."

"यादी मी टाईप केलीय! मी बदलते नंबर!"

"आणि यातलं एक माणूस राहिलं तर? त्यांच्या जागी मी जाऊन परिषदेत भाषण करू? गप बस, आणि दुसरा पासपोर्ट दे."

मी पासपोर्ट देत राहिले आणि रडत राहिले. ती अक्षर अक्षर वाचत होती, भाऊ तिकडून म्हणून दाखवत होते. तिसरं झालं. चौथ्याला लाईन तुटली, पाच मिनिटं पाण्यात. मधेच दादाचा फोन, की तो बॅग घेऊन खाली फाटकाशी उभा आहे. पाच तास आधी! त्याला काय सांगू, कप्पाळ?

सातवं झालं तेव्हा एकला पाच कमी होते. वहिनीने आपला पासपोर्ट उचलला, मिटला आणि पर्समध्ये ठेवला.

"झालं, भाऊ," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "फार धावपळ केलीत. आठवं राहू दे आता."

"आठवं कधीच झालंय, ताई."

मी फोनला कान लावून होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"तुम्ही प्रती पाठवल्यात ना, तो गठ्ठा मी खालून उघडला. म्हटलं, ताई स्वतःला शेवटीच ठेवणार. तुमचा फोन यायच्या आत ते एकच उरकून टाकलं."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि खिडकीची जागा दिलीय. मा. मात्र काढावं लागलं हो, नाइलाज होता."

वहिनीने फोन ठेवला आणि मग तोंडावर पदर घेऊन जी रडायला लागली! मी तिला मिठी मारली. मग दोघी हसायलाच लागलो. शिपाई दारातून बघून गेला, त्याला वाटलं दौरा रद्द झाला.

संध्याकाळी दादा आणि मी विमानतळावर काचेबाहेर उभे. सातही सदस्य आत गेले. मागून वहिनी, हातात आठ जणांची फाईल. पहारेकऱ्याने तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, आणि जा म्हणाला. इतकंच! दादाने इतक्या जोरात हात हलवला की शेजारच्या बाईंचा चष्मा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीच्या खुर्चीत बसले होते तेव्हा मोबाईलवर तिचा निरोप आला.

"सुखरूप पोचलो. सातही जण वाटभर झोपले होते. मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही."