साहेबांचं नाव

कोर्टाच्या व्हरांड्यात मी माझ्या अशिलाशेजारी, केशवशेजारी, बसले होते. चोरीच्या संशयावरून एका फौजदाराने त्याला चौकीत नेऊन मारलं होतं. संशयाला आधार एकच, केशवची जात. पुढे चोर दुसराच निघाला, पण तोवर केशवचं मनगट मोडलं होतं आणि गोदामातली नोकरीही गेली होती.

समोरून तोच फौजदार आला. केशव हात जोडून उभा राहिला.

"बसा," मी म्हणाले. "आज आरोपी ते आहेत, तुम्ही नाही."

"मी कुठं उठलो, बाई," तो ओशाळून म्हणाला. "पायच उठले."

सगळी माणसं समान आहेत, हे मी इतकी वर्षं न्यायाधीशांना सांगत आले. पण गुडघ्यांना ते कोण सांगणार? बापाने मुलाला कधी न शिकवताही ही भीती त्याच्या अंगात उतरते.

आत साक्ष सुरू झाली. "तुम्हाला कोणी मारलं?" मी विचारलं.

"साहेबांनी."

"कोणत्या साहेबांनी? नाव सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

फौजदार त्याच्याकडे रोखून पाहत होता. संध्याकाळी केशवला त्याच चौकीवरून घरी जायचं होतं. मला नाव सुचवायची मुभा नव्हती. मी नुसती त्याच्या सुकलेल्या ओठांकडे पाहत राहिले.

मग त्याने फौजदाराचं नाव घेतलं, आडनावासकट. आवाज कापत होता. पुढे 'साहेब' मात्र लावलं नाही.