थांबलेला ठिपका

नवा रायपूरला जाणारी आमच्या ऑफिसची शटल मोबाइलच्या नकाशावर ठिपका होऊन यायची. पुरानी बस्तीजवळ तो ठिपका रोज पाच मिनिटं थांबला, की माझं डोकं फिरायचं. मी तक्रार ठोकली, वर ड्रायव्हरला सगळ्यांसमोर विचारलं, "रोज तिथं काहून थांबता?"

गमछ्यानं मान पुसत तो पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, "मले शुगर आहे, भैया. लघवीले उतरतो. आता तेबी नकाशात दाखवू काय?"

पुढच्या आठवड्यापासून ठिपका थांबेना. भर मे महिन्यात मी पाण्याची बाटली पुढं केली, तर म्हणाला, "ड्युटीवर पाणीच नाही पेत मी आता."

त्याच सकाळी साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'गाडी आता वेळेवर.' खाली अंगठेच अंगठे. स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. पहिला अंगठा माझा होता.