खाडीचं खालचं अंग

आमचा आबा, म्हणजे माझा बाप, झुलाल भोई, तापीकाठचा माणूस. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात पासष्ट वर्षं त्याने नदीवर जाळं टाकलं, दुसरं काही पाहिलं नाही आणि पाहायची हौसही नव्हती. गेल्या वर्षी आई गेली नि घरात तो एकटा उरला. मी रायगडात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. अकरा वर्षं झाली, धुळ्याला बदली काही होत नाही. म्हटलं, मी तिकडे येत नाही तर तू इकडे राहायला ये. आला. पण चौथ्याच दिवशी पिशवी भरून बसला. सोमवारी सकाळी नऊची धुळ्याची गाडी, तिकीटही काढलेलं. कारण काय, तर "नदी सोडीसन माले करमत नही."

मला रडू येत होतं, पण आमच्या घरात रडण्याऐवजी भांडायची पद्धत आहे. म्हटलं, पाच मिनिटांवर खाडी आहे, ती काय डबकं आहे? जाळं तर गोणपाटात गुंडाळून एस.टी.तून आणलंस, ते काय वाळत घालायला? उद्या रविवार आहे, चल.

शेजारच्या कोळीणमावशींनी त्यांची छोटी होडी दिली. इंजिन बंद होतं, वल्ही होती. सकाळी साडेसहाला निघालो. होडीत बसल्या बसल्या आबाने विचारलं, खालचं अंग कोणतं? आमच्या तापीला वरचं अंग नि खालचं अंग असतं. पाणी वरून येतं, खाली जातं, विषय संपला. मी समुद्राकडे बोट दाखवलं.

पहिल्यांदा जाळं टाकलं ते काय सुरेख पडलं, भाकरीसारखं गोल. पण रिकामं वर आलं. दुसऱ्यांदा ते कालवांच्या खडकावर पडलं आणि ओढताना टराटरा फाटलं, शिशाचे मणीही गेले. आबा अहिराणीत जे बोलला ते मास्तरणीने लिहू नये. मग त्याने होडी काठाला नेली, तिवराच्या खोडाला आवळून बांधली आणि खडकावर बसून जाळं सांधायला घेतलं. सुई नि दोरा त्याच्या खिशात कायमच असतो.

तासाभराने मी मान वर केली तर होडी चिखलात एका कुशीवर पडलेली आणि पाणी पार तिकडे. आबा ताडकन उठला. वरच्या धरणाचे दरवाजे कोणी बंद केले, न सांगता सवरता बंद करतात म्हणजे काय, असं म्हणून पाटबंधारे खात्याच्या नावाने तणतणायला लागला. गावाकडे पाणी असंच उतरतं ना!

मी पोट धरून हसले. चौथीच्या पोरांना दरवर्षी भरती-ओहोटी शिकवते मी, चित्रं काढून. बापाला आधी सांगायचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. मग तिथेच शिकवलं, चंद्रापासून. त्याने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. होडी तरंगायला दुपारचे दोन वाजणार, हे कळल्यावर तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पाणी लपवलंय.

मग काय, बसलो. कळण्याची भाकर नि ठेचा खाल्ला. मी वह्या तपासायच्या राहिल्या म्हणून कुरकुरत होते, आबा एकेक भोक बुजवत होता. ऊन चढलं. कोणाला कसली घाई नव्हती.

अकराच्या सुमाराला त्याचे हात थांबले. पाण्यात एक वाळकी काटकी समुद्राकडे चालली होती. ती थबकली, जागच्या जागी हलली आणि वळून आमच्याकडे यायला लागली. आबाने जाळं बाजूला ठेवलं, धोतर खोचलं आणि चिखल तुडवत गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

"पोरी, पानी उलटं चाली ऱ्हायनं," तो म्हणाला. पायांभोवती हात फिरवून त्याने पुन्हा खात्री केली. मग लहान पोरासारखा हसला. "हाई तुनी मायनी देखाले पायजे व्हतं."

आईने समुद्र कधी पाहिलाच नाही.

त्याने सांधलेलं जाळं टाकलं. पाणी आत शिरत होतं आणि त्याबरोबर बोईट मासेही. मोठे नव्हते, पण पाच आले. दोनला होडी आपोआप उठून उभी राहिली, तेव्हा आबाने तिला शाबासकी दिल्यासारखं थोपटलं.

घरी काळ्या मसाल्याचं कालवण झालं. मावशींनी नाक मुरडत चाखलं आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. मी आपली मुकाट्याने आबाच्या पिशवीची चेन लावली आणि ती दाराशी ठेवली. आबा ओट्यावर बसून बोटांवर काहीतरी मोजत होता. मावशींना दोनदा विचारून त्याने खात्री करून घेतली.

"सकाय पानी पावनेबाराले फिरी," तो मला उद्याचा बेत सांगत म्हणाला. "तू शाळाले जाय. मी मावशीसंगे जासू."

"आबा, गाडी नऊची आहे."

"जाऊ दे तिले," आबा म्हणाला.