दुसऱ्या बाजूला झुकलेल्या फुल्या

माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्याच घरात राहणाऱ्या आमच्या वन्संनी, उभा जन्म एका मोठ्या दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीत शिवणकाम केलं. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. दिवसभर मशिनवर पाय चालवून घरी आलेलं माणूस आधी पाठ टेकतं. या बाई घरी येऊन पुन्हा सुईच हातात घ्यायच्या. "तिथली शिलाई पोटासाठी, ही माझ्यासाठी," म्हणायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. वन्संनी नाक मुरडलं नाही. भोकाभोकांचं मॅटीचं कापड माझ्यापुढे टाकलं आणि क्रॉस स्टिच शिकवली. एक तिरका टाका, त्यावर उलट बाजूने दुसरा, झाली फुली. फुल्याफुल्यांनी पक्षी होतो, घर होतं, म्हणाल ते होतं. अट एकच, वरचा टाका कापडभर एकाच बाजूला झुकला पाहिजे. एखादी फुली चुकली की वन्संचं बोट नेमकं तिथे येऊन थांबायचं.

"उसव."

"वन्सं, कोणाला दिसणार आहे?"

"उजेडाला दिसतं. उसव."

उसवून उसवून मी त्या घरात रुळले. परक्या घरात पहिल्या दिवसापासून कोणीतरी आपल्याशेजारी बसून शिकवतं, हे केवढं भाग्य, ते मला फार उशिरा कळलं.

नोकरी संपल्यावर वन्संनी सुगंधाच्या बाटल्या करायला घेतल्या. त्यांची लेक त्याला डिफ्यूझर म्हणते. वन्सं म्हणतात, "काहीही म्हण, बाटलीत काड्याच आहेत." संत्र्याची वाळवलेली सालं आणि गवती चहा बिनवासाच्या तेलात मुरवायचा, गाळून अरुंद तोंडाच्या बाटलीत भरायचा, वर ड्रॉपरने लवंगेच्या तेलाचे मोजके थेंब. मग वेताच्या बारीक काड्या खोचायच्या. काड्या तेल वर ओढतात आणि खोली मंद दरवळत राहते. आमच्या ओळखीत असं एक घर नसेल जिथे वन्संची बाटली नाही.

भाड्याच्या खोल्यांमध्ये वर्षं काढून शेवटी लेकीने स्वतःचं घर घेतलं. वन्सं हरखून गेल्या. नव्या भिंतीसाठी त्यांनी मोठं चित्र भरायला घेतलं, लाल छपराचं घर आणि शेजारी डेरेदार झाड. घर भरून झालं आणि वन्संना अर्धांगाचा झटका आला. देवाच्या कृपेने जीव वाचला, वाचा शाबूत राहिली. पण उजवा हात दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा मांडीवर पडून राहायचा.

मी म्हटलं, "वन्सं, झाड मी भरते. शिकवण तुमचीच आहे."

"नको. लेकीला आईच्या हातचं द्यायचंय. मामीच्या हातच्या दोन उशा आहेत तिच्याकडे, त्यातली एक वाकडी."

वाचा शाबूत होती म्हटलं ना मी!

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. वन्संनी तो खिडकीत ठेवून दिला. "मी काय लहान बाळ आहे? वहिनी, माझा ड्रॉपर आण." आणि उजव्या हाताच्या बोटांत ड्रॉपरचा रबरी फुगा धरून त्या दाबत बसल्या. आधी काहीच होईना. कित्येक दिवसांनी एक थेंब पडला. मग एकदा हात असा काही आवळला गेला की लवंगेचं सगळं तेल एकाच बाटलीत. माझे यजमान शिंकत शिंकत बाहेर पळाले.

"ताई, हा सुगंध आहे की शिक्षा?"

"पळालास ना? म्हणजे औषध लागू पडलं," वन्सं म्हणाल्या आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. थेंब पडला, यातच त्यांना सगळं मिळालं होतं.

पण ड्रॉपर दाबणं वेगळं आणि सुई धरणं वेगळं. यजमानांनी कापड ताणून धरायची रिंग टेबलाला घट्ट बसवून दिली, आणि वन्संनी डाव्या हाताने झाड भरायला घेतलं. सुई मी ओवून द्यायची, टाका त्यांनी घालायचा. लेकीचं सामान हलवायचा दिवस जवळ येत होता आणि झाड पानापानाने वर चढत होतं. शेवटची फुली पडली तशी मी रिंग सोडवून कापड खिडकीपाशी नेलं. घर एका तऱ्हेने चमकत होतं आणि झाड दुसऱ्या. डाव्या हाताने वरचा टाका उलट्या बाजूला झुकवला होता. एक फुली नव्हे, अख्खं झाड.

वन्संनी कात्री मागितली. उजव्या हातात ती धरवेना, डाव्यात चालेना. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली.

"उसव."

"नाही उसवणार, वन्सं."

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. "तुम्हाला आईच्या हातचं द्यायचं होतं ना? मग हाही हात आईचाच आहे. हे उसवलं तर तुमच्या लेकीसाठी देवाने राखलेला हात मी उसवला, असं होईल."

वन्सं बराच वेळ झाडावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "घडी घालू नकोस, गुंडाळ. घडीचा वळ पडतो."

लेकीच्या नव्या घरी आम्ही फ्रेम करून घेतलेलं चित्र आणि लवंगेचे बेतानेच थेंब घातलेली एक बाटली घेऊन गेलो. चित्र दारासमोरच्या भिंतीवर टांगून पाहताना तिने मान इकडे कलवली, तिकडे कलवली.

"आई, हे झाड वेगळं का चमकतंय?"



"ते आजारानंतरचं आहे," वन्सं म्हणाल्या. "डाव्या हाताचं."

लेकीने आईचा डावा हात उचलून आपल्या गालाला लावला. मग दारासमोरच्या भिंतीवरून ती फ्रेम काढली आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर नेली, जिथे दिवसभर उजेड बाजूने पडतो. जावयाने खिळा ठोकला.

"वाकडा आहे," वन्सं खुर्चीतून म्हणाल्या.

"सासूबाई, पुन्हा ठोकू?"

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले.