जगलेल्या रोपाची खबर

आर्वीच्या सार्वजनिक बागेत एक माळीणबाई आहे. नाव मी कधी विचारलं नाही, अन् आता इतक्या ओळखीनंतर विचारायला लाज वाटते. थंडी पडली की रोज संध्याकाळी ती गुलाबाच्या कोवळ्या रोपांवर जुन्या लुगड्यांचे तुकडे घालायची, अन् कडा मातीत हळूच दाबायची.

संक्रांतीला बागेतच हळदीकुंकू झालं, तेव्हा तीच रोपं वाण म्हणून वाटली. बाया हसत-खिदळत घेऊन चालल्या. ही फाटकाशी उभी राहून प्रत्येकीला बजावत होती, "रातच्याले झाका वो बाई!" मला म्हणाली, "काकू, मेलं की साऱ्या भांडाले येतात. जगलं तं सांगाले कोणीच येत नाई."

महिन्याभरानं माझ्या रोपाला फूल आलं. मी मुद्दाम सांगायला गेले, तर मला पाहताच ती धास्तावली. "काऊन आल्या? मेलं?"

"नाई वो, फुललं!"

तिनं झारी खाली ठेवली, पदरानं कट्टा पुसला. "मंग बसा नं. घरी कोणी वाट पाहून राह्यलं काय?"

घरी तसं कोणी नव्हतंच. मी बसले. त्या एका फुलाचा रंग सांगता सांगता आम्हाला अंधार पडला.